मेलिंग लिस्ट हलवण्याआधी जुन्या दुव्यांचे काय ते ठरवा

आम्ही काही स्वयंसेवक ज्या मुक्तस्रोत प्रकल्पाची देखभाल करतो, त्याची मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर आलेले ईमेल सर्व सभासदांना पाठवणारी यादी) लवकरच नव्या होस्टकडे, म्हणजे सर्व्हर पुरवणाऱ्या नव्या सेवेकडे, जाणार आहे. हा निर्णय मला मान्य आहे. सध्याची लिस्ट मेलमन २ या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते, मेलमन २ पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवर अवलंबून आहे आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजीच थांबला, त्यामुळे तो सर्व्हर तसाच चालू ठेवणे दिवसेंदिवस धोक्याचे होत चालले आहे. मात्र आमच्या चर्चेचा बहुतेक वेळ नवा पत्ता कोणता असावा आणि सभासदांना कधी कळवावे यात गेला, आणि जुन्या पत्रांच्या संग्रहाचा विषय 'तो नंतर आयात करू' एवढ्या एका वाक्यात संपला, याची मला मनापासून काळजी वाटते.

कोड वाचून एखादे फंक्शन काय करते ते समजते. ते तसेच का लिहिले, दुसरा मार्ग कोणी सुचवला होता आणि तो का सोडून दिला, हे बहुधा त्या वेळच्या पत्रांतच सापडते. म्हणूनच कोडमधील टिपांत, कमिट संदेशांत (कोडमधील प्रत्येक बदलासोबत लिहिलेल्या टिपणांत) आणि बगच्या नोंदींत ठिकठिकाणी संग्रहातील पत्रांचे दुवे दिलेले आहेत. जुना कमिट संदेश दुरुस्त करायला गेलो, तर त्याचा हॅश, म्हणजे त्या बदलाची ओळख पटवणारा संकेत, बदलतो आणि त्यापुढच्या साऱ्या इतिहासाचाही बदलतो. त्यामुळे तिथला दुवा जिवंत ठेवायचा असेल, तर तो जिथे पोहोचतो ती जागाच सांभाळावी लागते.

असंख्य तांत्रिक लिस्टची पत्रे जीमेन या संकेतस्थळावर एकत्र वाचता येत, आणि चर्चेचा संदर्भ देताना अनेक जण तिथलेच दुवे देत. २०१६ मध्ये जीमेनची वेब बाजू बंद पडली आणि ते दुवे एकाएकी निरुपयोगी झाले. पत्रे नष्ट झाली नव्हती, पण दुव्यात जीमेनचा स्वतःचा क्रमांक होता आणि तेच पत्र दुसऱ्या संग्रहात शोधायला त्या क्रमांकाचा काही उपयोग नव्हता.

आमच्याकडेही धोका तोच आहे. मेलमन २ मधील पाइपरमेल हा संग्रहाची पाने बनवणारा भाग प्रत्येक पत्राला अनुक्रमांक देतो आणि तोच दुव्यात येतो. सगळी पत्रे एकापाठोपाठ साठवणाऱ्या एमबॉक्स फाइलवरून संग्रह पुन्हा बांधला, की हे क्रमांक सरकू शकतात. नवे पत्र कुठे सुरू होते हे त्या फाइलमध्ये 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरून ओळखले जाते. कोणाच्या मजकुरातील एखादी ओळ त्याच शब्दाने सुरू झाली आणि साठवताना तिच्यावर खूण केली गेली नाही, तर एका पत्राची दोन होतात आणि पुढच्या सगळ्या पत्रांचे क्रमांक बदलतात. एका जुन्या प्रकल्पात मी हे स्वतः पाहिले आहे: दुवा उघडत होता, पान दिसत होते, पण पत्र भलत्याच विषयावरचे होते. नवख्या वाचकाला तर चूक झाल्याचे कळतही नाही.

प्रत्येक ईमेलला मेसेज-आयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा वेगळा ओळखसंकेत, असतो आणि लिस्ट कोणत्याही सर्व्हरवर गेली तरी तो बदलण्याचे कारण नसते. लिनक्स कर्नेलचा आजचा संग्रह पब्लिक-इनबॉक्स या सॉफ्टवेअरवर चालतो आणि त्याच्या दुव्यांत मेसेज-आयडीच असतो, त्यामुळे उद्या तो संग्रह दुसरीकडे गेला तरी कमिटमधील दुव्यावरून मूळ पत्र शोधता येईल. आम्हीही जुना दुवा आणि त्या पत्राचा मेसेज-आयडी यांची जोडी लावणारा तक्ता, जुना सर्व्हर चालू असतानाच तयार करावा, आणि जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला त्याआधारे योग्य पानावर पोहोचवावे. पाइपरमेलच्या पानावर पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा जो दुवा असतो, त्यातच मेसेज-आयडी दिलेला असतो, त्यामुळे हे काम एका छोट्या स्क्रिप्टचे आहे.

पत्रे पोहोचण्याचा प्रश्नही आधीच सोडवायला हवा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे (पाठवणाऱ्याच्या डोमेनची खातरजमा न झालेल्या पत्रांचे काय करायचे हे सांगणाऱ्या नियमाचे) कडक धोरण लागू केले, तेव्हा याहूच्या पत्त्यावरून लिस्टवर गेलेली पत्रे इतरांचे सर्व्हर नाकारू लागले. विषयाआधी लिस्टचे नाव किंवा तळाशी टीप जोडली, की मूळ डीकिम सही (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही, जिच्यावरून अशी खातरजमा होते) जुळत नाही. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रकल्पाने २०१७ मध्ये नव्या प्रणालीवर जाताना या दोन्ही गोष्टी काढूनच टाकल्या, आणि मला तोच मार्ग योग्य वाटतो. लिस्टची पत्रे वेगळी काढायला लिस्ट-आयडी हे हेडर, म्हणजे पत्राच्या माथ्यावरची लिस्टची ओळख सांगणारी नोंद, पुरेसे आहे. फक्त स्थलांतरात ते बदलू देऊ नये, नाहीतर सर्वांचे फिल्टर एकाच दिवशी निकामी होतील. मेलमन २ सभासदांचे पासवर्ड साध्या मजकुरात साठवते, ते नव्या होस्टकडे मुळीच नेऊ नयेत. पत्ता होस्टच्या नव्हे, प्रकल्पाच्या डोमेनवर असावा.

सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की तारीख जाहीर करण्यापूर्वी कोड, कमिट आणि बगच्या नोंदींतील संग्रहाचे सगळे दुवे एकत्र काढून ते चाचणी सर्व्हरवर एकेक करून उघडून पाहावेत. दुवे गोळा करण्याचे काम मी अंगावर घेतो. उघडलेले पत्र खरोखर त्याच चर्चेचे आहे का, हे वाचून सांगायला मात्र त्या त्या भागाचे जुने जाणकार लागतील.