नव्वद दिवसांची नोटीस आणि ‘पंधरा दिवसांत या’

भाच्याने गेल्या महिन्यात मला दोन फोटो पाठवले. पहिला त्याच्या हिंजवडीतल्या कंपनीने दिलेल्या नेमणूकपत्राचा. नोटिशीची मुदत नव्वद दिवस. दुसरा त्याच कंपनीच्या ताज्या जाहिरातीचा. ‘पंधरा दिवसांत रुजू होऊ शकणाऱ्यांनीच अर्ज करावा.’ खाली एकच ओळ: “मावशी, हे पंधरा दिवसवाले नक्की कुठे पिकतात गं?”

कुठे पिकतात ते त्यालाही माहीत आहे. हातात दुसरी नोकरी नसताना मुलं आधी राजीनामा देतात आणि मग शोधायला लागतात. नव्वदातले पंचाहत्तर दिवस सरले की ती ‘पंधरा दिवसवाली’ होतात. नोकरीच्या संकेतस्थळांवर अशांसाठी वेगळा शेराच आहे, ‘नोटीस पिरियडवर’. घराचा हप्ता चालू, घरी सांगितलेलं नाही, आणि रोज मुलाखती. मग एखाद्याला तीन ऑफर मिळतात, तो सगळ्यात मोठी घेतो आणि बाकीच्या दोघांचे फोन उचलत नाही. त्यावर त्याच कंपन्या म्हणतात, हल्लीच्या मुलांना शब्दाची किंमत नाही. आपला माणूस नव्वद दिवस सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा मात्र पंधरवड्यात हवा. आपला तो बाब्या, याहून दुसरं काय म्हणायचं?

मी गेली बारा-तेरा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. माझ्या करारातही नोटीस तीन महिन्यांचीच आहे, आणि इथे तसं सर्रास असतं. पुण्यातले मित्र हे ऐकून म्हणतात, मग तुमच्याकडे वेगळं काय? वेगळं आहे ते मुदतीत नाही. इथल्या नागरी संहितेचं ६२२ वं कलम सांगतं की नोकराने द्यायची नोटीस मालकाने द्यायच्या नोटिशीपेक्षा लांब ठेवता येणार नाही. मला तीन महिने बांधून ठेवायचं असेल, तर कंपनीनेही स्वतःला किमान तेवढंच बांधून घ्यायचं. उलट कायद्यातली मालकाची मुदत नोकरीच्या वर्षांबरोबर वाढत जाते: दोन वर्षांनी एक महिना, दहा वर्षांनी चार, वीस वर्षांनी सात. नोकराला मात्र, करारात जास्त लिहिलं नसेल तर, चार आठवडे पुरतात. आणि तीन महिने सगळ्यांचेच असल्यामुळे नवी कंपनी निमूट थांबते. ‘उद्या या’ म्हणण्याची कुणाची टाप नाही.

भाच्याला मी त्याचं नेमणूकपत्र पुढे वाचायला सांगितलं. कंपनीने काढायचं ठरवलं तर तीस दिवस, किंवा तीस दिवसांचा पगार.

भारतातल्या कामाच्या तासांच्या वादात जर्मनीचं नाव मधूनमधून येतंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं, तेव्हा दाखला दिला होता दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन आणि जपानी लोकांचा. (जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष नव्वद तासांवर आणि रविवारी बायकोचं तोंड किती वेळ बघणार इथवर गेले. त्यावर सगळं बोलून झालंय.) जर्मनांनी युद्धानंतर ढोर मेहनत केली हे खोटं नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९५६ च्या एक मेला इथल्या कामगार महासंघाने ‘शनिवारी बाबा माझे’ अशी घोषणा देत पाच दिवसांच्या आठवड्याची मोहीम काढली. पोस्टरवर एक लहान मुलगा. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती आणि अर्थव्यवस्था भरात होती. १९८४ मध्ये माझ्याच या राज्यात धातू-कामगारांनी पस्तीस तासांच्या आठवड्यासाठी कित्येक आठवडे संप केला, आणि १९९५ पासून पश्चिमेकडच्या धातू उद्योगात पस्तीस तास लागू झाले. आज मूर्तींचे सत्तर तास इथे बेकायदा ठरतील. दिवसाला आठ तास, फार तर दहा, तेही काही महिन्यांची सरासरी आठावर आणून, आणि दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तास विश्रांती. एवढंच नव्हे, कामाचे तास नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे असं इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. हिंजवडीत नेमकी ती नोंदच नसते. रात्री अकराचा अमेरिकेबरोबरचा कॉल कुठल्या रकान्यात भरणार?

इथेही वारं फिरलंय, हे लपवत नाही. मे २०२५ मध्ये चान्सेलर मेर्त्स म्हणाले की चार दिवसांचा आठवडा आणि काम-जीवनाचा तोल सांभाळत बसून या देशाची समृद्धी टिकणार नाही. दिवसाची मर्यादा काढून आठवड्याची आणायची, हेही सरकारच्या मनात आहे. आमच्या वाहनउद्योगात नोकऱ्या जाताहेत, त्यामुळे कँटीनमध्ये यावर पूर्वीसारखी चेष्टा होत नाही.

आणि अवास्तव मागण्यांचं म्हणाल तर जर्मन मालक काही संत नाहीत. माझ्या पहिल्या इथल्या अर्जासोबत मी दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं, फोटो आणि प्रत्येक जुन्या मालकाचं शिफारसपत्र जोडलं होतं. फोटो कायद्याने मागता येत नाही, पण न लावणाऱ्याकडे भुवया उंचावतात. आयुष्यात पाच महिन्यांचं ‘भोक’ कसं पडलं, असं एकाने विचारलं. सासूबाई आजारी होत्या, म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं. नोकरी सोडताना मिळणारं शिफारसपत्र म्हणजे तर वेगळीच बोली. पत्र नोकराच्या भल्याचं असलंच पाहिजे असा दंडक, म्हणून वाईट शेरा गोड शब्दांत लपवतात. ‘त्यांनी मनापासून प्रयत्न केले’ याचा अर्थ माणूस बिनकामाचा. ‘कायम आमच्या पूर्णतम समाधानापर्यंत’ असं व्याकरणाचे हाल करणारं वाक्य असेल, तर पेढे वाटावेत. पण ते पत्र मागणं माझा हक्क आहे, आणि ते वाईट लिहिलं तर मी न्यायालयात जाऊ शकते. लोक जातातही.

माझी पुण्यातली पहिली नोकरी २००६ ची. कंपनीने पदवीचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं, दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड, आणि स्टँपपेपरवर जामीन म्हणून बाबांची सही. बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “हे नोकरीचं आहे की कर्जाचं?” प्रमाणपत्र परत मिळवायला तीन खेटे घालावे लागले. मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरवलंय’ हेही विचारलं होतं, आणि मी हसून उत्तर दिलं होतं. इथे बाईला गरोदर आहे का, असं विचारता येत नाही. आणि कुणी विचारलंच तर खोटं उत्तर देण्याची मुभा आहे. नंतर उघड झालं तरी त्यावरून काढता येत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला विश्वासच बसला नव्हता.

पगाराच्या चिठ्ठीचं मला सगळ्यात जास्त खुपतं. आपल्याकडे शेवटच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या दाखवल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही, आणि नवा पगार म्हणजे जुना अधिक वीस-तीस टक्के. आयटीत नव्या मुलांचा पगार कित्येक वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय. तिथून निघालेल्याच्या पाठीवर तो आकडा पुढे दहा वर्षं बसतो. मूल झाल्यावर दोन वर्षं थांबलेल्या बाईच्या तर जास्तच. तुमचं काम केवढ्याचं आहे हे कुणी बघत नाही, तुम्ही आधी किती स्वस्तात मिळालात तेवढं बघतात. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी केली आणि सदस्य देशांना ते कायद्यात आणायला जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. मला वाटतं, आपल्याकडे काही एकच उचलायचं असेल तर हे उचलावं. यात सरकारला पैसाही लागत नाही.

आपल्याकडे काहीच हालत नाही असं नाही, पण हालतंय ते दोन्ही दिशांना. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. देशभर जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करणाऱ्या बँकेच्या बाबतीत मला ते एकवेळ पटतं. त्या निकालाची झेरॉक्स आता कुठकुठल्या कंपन्या नाचवतील, याची मात्र धास्ती वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात नोकरी सोडणाऱ्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण पुढचा मालक दारात मागतो ते रिलीव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र. ते अडवून ठेवलं की माणूस अडकतो. डिसेंबरमध्ये सुप्रिया सुळेंनी कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं काय होतं ते आपण जाणतोच.

परदेशात बसून हे लिहिणं सोपं आहे, असं माझी बहीणच म्हणते. खरंय. पण मी आले तेव्हा पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागायची. नोकरी गेली तर घर, शाळा, राहण्याचा परवाना, सगळंच लटकलं असतं. त्या काळात साहेब म्हणेल ते मी केलं. कायदा कितीही चांगला असो, ज्याला उठून जाता येत नाही तो ‘नाही’ म्हणू शकत नाही. जर्मन सहकारी पाचला संगणक बंद करायचे आणि मी बसून राहायचे. ते मला कामसू म्हणायचे. मी घाबरलेली होते.

भाच्याचा काल फोन आला. नोटिशीचा एक्केचाळिसावा दिवस. नव्या कंपनीने कळवलंय की पुढच्या सोमवारपर्यंत आला नाहीस तर ऑफर रद्द. लवकर सोडा म्हणून तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने धोरण दाखवलं, नियम सगळ्यांना सारखा म्हणाला, आणि मग दार लावून हळूच सांगितलं की तो स्वतःही नोटिशीवर आहे, त्यालाही तिकडे पंधरा दिवसांत बोलावलंय.