गाठीवर मात्र मी हटणार नाही

दादा, दमलेल्याची कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) ओढून आणण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण अर्धी पटलीसुद्धा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं, पानशेतच्या पाण्यात दुसऱ्याची कयाक ओढायला कमरेचा पट्टा-बिट्टा कशाला, बोहरी आळीतून आणलेली नायलॉनची दोरी मागच्या कडीला बांधली की झालं. आणि लेखातली माझी १५ मीटरची दोरी म्हणजे थट्टा.

लांबीची चूक कबूल. सकाळी वारा पडलेला असताना धरणात तीन-चार मीटर पुष्कळ होतात. काठ जवळच असेल तर तेवढीही नको, दमलेल्याने ओणवं होऊन आपली कयाक घट्ट धरायची आणि आपण वल्हवायचं. लिहिताना माझ्या डोक्यात समुद्र होता. तिथे मागून लाटा येत असल्या की ओढलेली कयाक लाटेवर बसून थेट आपल्या पाठीत येते, म्हणून ती लांब दोरी. हे वेगळं सांगायला हवं होतं.

गाठीचं मात्र ऐका. मे महिन्यातली दुपार, पश्चिमेचा वारा सुटलेला, भाच्याचा खांदा आखडलेला. मी त्याला ओढत होते, अगदी तुमच्याच पद्धतीने. नायलॉन पाण्यात बुडतं. जरा सैल पडलेली दोरी खाली गेली आणि कोळ्यांच्या जाळ्यात अडकली. जाळ्याला बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मला लाटांत दिसल्याच नव्हत्या. हिसका बसला, कयाक वाऱ्याला आडवी झाली. गाठ पाठीमागे, हात पोचेना; आणि पोचला असता तरी ताणलेली ओली गाठ नखांनी सुटते होय? नशिबाने भाचा वाऱ्यासरशी माझ्या मागे येऊन टेकला आणि कैरीसाठी आणलेल्या चाकूने त्याने दोरी कापली. तेव्हापासून कमरेला एका ओढीत सुटणारा पट्टा आणि तरंगणारी पॉलीप्रॉपिलीनची दोरी. पट्टा घरी सोफ्यावर नाही, पाण्यात ताण असताना उघडून बघायचा.

तुम्ही हीच दोरी कोलाडलाही नेता, हे वाचून पोटात गोळा आला. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली सुटतं तेव्हा तिथली कुंडलिका नदी धावत असते. तिथे दोरी खडकात अडकली की प्रवाह आपल्याला खाली दाबत राहतो, थांबत नाही. आधी माणूस काठाला लावायचा. रिकामी कयाक आपल्या कयाकच्या नाकाने ढकलत खडकाआडच्या संथ पाण्यात घालायची. नाही जमलं तर जाऊ द्यायची, खाली कुठेतरी सापडते.

लांबीची दुरुस्ती आज रात्री लेखात टाकते. कोलाडला निघण्याआधी त्या कडीची गाठ तेवढी सोडा.