आमचा शेप्या

आज सकाळी ठाणे स्टेशनबाहेर एक बाई रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्यांची पाटी घेऊन बसली होती. शहापूरकडची असावी. खूप दिवसांनी असे छोटे बिटके आंबे दिसले म्हणून थांबले. माझ्या आधी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी एक आंबा उचलला, दाबला, म्हणाले, "गावठी आहेत, नुसत्या रेषा. शंभरला किती देतेस?" ती म्हणाली, "अठरा घ्या." तर म्हणे, "ह्याला कोण पैसे देतं? रस्त्यावर पडलेले असतात." आणि आंबा पाटीत टाकला. ठेवला नाही, टाकला.

तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे.

रस्त्यावर पडलेले असतात! कुठल्या रस्त्यावर? मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची ही झाडंच आधी आडवी झाली. त्या सावलीत एसटीची वाट बघत लहानपण गेलंय आपलं. तिथे आता पडतंय काय? ऊन.

आमच्या गावच्या घरामागे, विहिरीच्या वरच्या अंगाला एक रायवळ होता. शेप्या. पिकला की बडीशेपेचा वास. खाऊन हात धुतले तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना राहायचा. त्याच्यापासून बारा पावलांवर आमट्या, ज्याचं फक्त रायतं आणि उकडांबा व्हायचा. आणि परड्याच्या, म्हणजे घरामागच्या वाडीच्या टोकाला खोबऱ्या, ओल्या खोबऱ्यासारखा घट्ट, कमी रसाचा. तीन झाडं, तीन चवी, आणि एकही कुणी लावलेलं नाही. कुणीतरी आंबा चोखून कोय भिरकावली, पावसात ती रुजली, एवढंच.

कारण रायवळ ही जातच नाही हो! प्रत्येक झाड हीच एक जात. कोय रुजते तेव्हा तिच्यात निम्मं आईचं असतं आणि निम्मं कुठल्या तरी दुसऱ्या मोहरावरून माशीने आणलेलं. आपल्या पोरांसारखंच. एकाचं नाक आजोबांचं, दुसरीचा रंग पणजीचा, तिसरा कुणावरच नाही. म्हणून कोकणात गावागावांत आंब्यांना माणसांसारखी नावं होती. शेप्या, साखऱ्या, केळ्या, गोट्या. झाड गेलं की नाव गेलं, नाव गेलं की ती चव पृथ्वीवरून गेली. दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

आणि हापूस? तो एकच आहे. पोर्तुगीजांच्या काळापासून त्याचीच काडी दुसऱ्या रोपावर लावून कलमावर कलम बांधत आलो, म्हणजे देवगडपासून पालघरपर्यंतची लाखो कलमं हा एकाच झाडाचा पसारा. म्हणून तर चव सारखी आणि पेटीला भाव. २०१८ साली पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मलाही आनंद झाला. आमच्या भावकीतल्या चार घरांची शिक्षणं हापूसनेच केली. मान्य. पण सगळे एकसारखे म्हणजे दुखणंही सगळ्यांना एकसारखं. साका, म्हणजे आतला गर पांढरट-आंबट होण्याची खोड, ती सगळ्याच कलमांत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली साका नसलेला 'रत्ना' दिला, तो कसा दिला? हापूसचा नीलमशी संकर करून. दुसरं रक्त आणावंच लागलं ना? उद्या हे दुसरं रक्त कुठून आणणार, सगळी परडी साफ केल्यावर?

त्या गृहस्थांना कुणी सांगावं की त्यांच्या हजार रुपये डझनाच्या हापूसखाली मूळ रायवळचं आहे. नर्सरीवाले रायवळच्या कोया पोत्याने घेतात, रुजवतात आणि कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. कोय कलम म्हणतात ते हेच. वरचा मिरवतो, खालचा पाणी ओढतो.

शेप्या २००९ साली तोडला. चुलत भावाचा फोन आला, "तोडला गो. पानं विहिरीत पडत होती, आणि लाकूडवाला रोख देत होता." मी फोनवर काही बोलले नाही. आजी तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. त्या हंगामातल्या शेवटच्या आंब्यांच्या सात कोया तिने स्वतः गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या कडेला पुरल्या. काठी टेकत जायची आणि रोज बघायची. चार रुजल्या. एक गुरांनी खाल्ली, एक सुकली. दोन वाढल्या. आठव्या वर्षी एकाला फळ धरलं, तेव्हा आजी नव्हती. मी मुद्दाम रजा काढून गेले. अढीतून काढलेला पहिला आंबा नाकाशी धरला तर बडीशेप नाही, चिकाचा उग्र वास. आत आंबट. शेप्याचंच पोर, पण शेप्या नव्हे.

तोडायच्या आधी फक्त एक काडी घ्यायची होती. वीतभर काडी! कलम बांधणारा चार घरं सोडून राहत होता. कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, हे जास्त लागतं.

आता कुणीतरी म्हणेलच की रानातलं सगळं काय गोड असतं का. नसतं. बरंच काही कडू असतं, कडूपणा हा झाडाचा बचाव आहे. रानटी कडू बदामाने माणूस मरू शकतो. काकडीचं टोक कापून फेस येईपर्यंत घासायची सवय आपल्या हाताला आहे, ती त्या जुन्या कडूचीच आठवण. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं निवडून निवडून गोड बी ठेवलं, त्यांच्या जिभेला माझा नमस्कार. पण ते जिभेने निवडत होते. आता निवडतंय कोण? ट्रक निवडतोय. फुटत नाही ना, पंधरा दिवस टिकतं ना, रंग एकसारखा येतो ना. टोमॅटोच्या देठाजवळ गर्द हिरवा खांदा असायचा, आठवतोय? सगळीकडून सारखा लाल व्हावा म्हणून तो खांदा निवडीतून घालवला, आणि २०१२ साली शास्त्रज्ञांना कळलं की फळातली साखर वाढवायला तोच हिरवा भाग मदत करत होता. आमटीत चार टोमॅटो घालून वर गूळ घालतो आपण, उगाच नाही.

आपली ऋषिपंचमी बघा. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आपोआप उगवलेलं खायचं. जुन्या ग्रंथांत ऋषींचं धान्य म्हणून नीवार येतो, तो रानभात. १९७०च्या आसपास भात खुरटवणारा एक विषाणू आशियाभर तुडतुड्यांवाटे पसरला. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हजारो वाण तपासले, आणि त्याला दाद न देणारा सापडला तो उत्तर प्रदेशातून गेलेला एक रानटी भात. त्याचं शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. नीवारच! त्याचा तो गुण पुढे आयआर-३६ या भाताच्या वाणात उतरवला आणि कोट्यवधी लोक तो भात जेवले. त्या रोपट्यालाही कुणीतरी गवत म्हणून उपटून टाकलं असतं तर?

आणि अशी झाडं राखणं जमत नाही असं अजिबात नाही. शेजारी कर्नाटकात शिमोगा, उत्तर कन्नडला लोकांनी नदीकाठच्या रानातल्या अप्पेमिडीच्या, म्हणजे लोणच्याच्या रानआंब्याच्या काड्या आणून कलमं बांधली. एकाला जिऱ्याचा वास, एकाला कापराचा. लोणच्यासाठी माणसं ठरावीक झाडाचीच कैरी मागतात. आमच्याकडे राहीबाई पोपेरे झोपडीत गावठी वाणांचं बी सांभाळत होत्या तेव्हा किती जणांनी विचारलं त्यांना? पद्मश्री मिळाल्यावर सगळे टाळ्या वाजवायला.

जरा पाणी पिऊन आले.

भावावर मी फार वर्षं राग धरला. त्या वर्षी त्याच्या घराचं छप्पर गळत होतं, हे मला नंतर कळलं. आणि ते गृहस्थ, त्यांच्या पानात कदाचित कधी शेप्या आलाच नसेल. न चाखलेल्याची किंमत कशी कळणार माणसाला. तरी टाकायला नको होता तो आंबा. ती बाई बघत होती.

मी पाटीतले उरलेले सगळे घेतले. मोजताना तिला सहज विचारलं, हे सगळे एकाच झाडाचे का? तिने माझ्याकडे बघितलं आणि हातात एकेक धरून सांगायला लागली. "हा ओढ्यावरचा, साल जाड पण गोड. हा मारुतीमागचा, हा पोरांना द्या. आणि हा आमच्या दारातला, हा आजच खा, उद्या उतरेल." पाच झाडं होती त्या पाटीत. मला तिथेच भरून आलं.

दारातला आत्ता खाल्ला. रेषा आहेत, दातात अडकतात, आणि रस कोपरापर्यंत आला. खरंच उद्यापर्यंत राहिला नसता.

खाईन तशा सगळ्या कोया धुऊन बाल्कनीत पिशव्यांत लावणार आहे. रुजायला दोन-तीन आठवडे जातील. परड्याच्या टोकाचा खोबऱ्या अजून उभा आहे, पण दिवाळीनंतर तिथे भावाला गाडी लावायला शेड बांधायची आहे. त्याला फोन केला. म्हटलं, दादा, मी सांगेन त्या दिवशी खोबऱ्याच्या चांगल्या जून काड्या बघून त्यांची पानं काप, देठ तेवढे ठेव, आठ-दहा दिवसांनी मी येते काड्या न्यायला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "किती काड्या हव्यात गो?"

वीस म्हटलंय.