“तुम्ही पट्टा लावलाय का?” – ग्रास कटरवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात पावसाळी बेणणीवर (वाढलेलं गवत काढण्यावर), म्हणजे घराच्या आवारात आणि कलमांखाली खांद्याला पट्ट्याने अडकवायचा ग्रास कटर कसा चालवावा यावर लिहिलं होतं. गवत कापणाऱ्या फिरत्या दोरीमागचं संरक्षक कवच, म्हणजे गार्ड, काढू नये, गॉगल लावावा आणि 15 मीटरच्या आत कोणी उभं नसावं, असं त्यात म्हटलं होतं. त्याखाली ‘एक बागायतदार’ एवढ्याच सहीने आलेली प्रतिक्रिया अशी:

“ताई, लेख वाचायला छान. पण गार्ड, गॉगल, 15 मीटर हे सगळं लॉनवर ठीक. कोकणातल्या ओल्या गवतात गार्ड काढल्याशिवाय मशीन चालत नाही, हे ज्याने खांद्याला पट्टा लावलाय त्याला कळतं. तुम्ही लावलाय का, की गडी लावून फोटो काढलात? तेलाचं प्रमाणही चुकलंय. आणि मजुरीवर आलेला माणूस 15 मीटरवर कोण उभं आहे ते बघत बसत नाही.”

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. तीन दिवस झाले, ते दोन ओळींत मावत नाही.

आधी तेल. तुमचं बरोबर आहे. मी सरसकट पेट्रोलच्या लिटरला 40 मिली तेल लिहिलं, म्हणजे 25:1. चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल आणि मशीनच्या पुस्तिकेत 50:1 दिलं असेल, तर 20 मिलीच घालायचं. जास्त तेलाने प्लगवर काजळी धरते. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करते, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता ते वाक्य. “तुम्ही लावलाय का, की गडी लावून फोटो काढलात?”

दादा, हा प्रश्न तुम्ही एखाद्या पुरुषाला विचारला असता का? आमच्याच पंचक्रोशीतले एक गृहस्थ बागेवर लिहितात. त्यांची सगळी बेणणी गडी करतात आणि तसं ते स्वतःच सांगतात. त्यांच्या लेखाखाली ‘धन्यवाद सर, उपयुक्त माहिती’. माझ्या लेखाखाली मात्र आधी हजेरी द्यायची, मग बोलायचं. वेगळं मत असणं मला चालतं. पण मत मांडण्याआधी समोरच्याला खोटं ठरवायचं, ही रीत मला मान्य नाही, आणि ती तुमच्या घरात तरी चालत असेल असं वाटत नाही.

तर ऐका. लावलाय. राजापूर तालुक्यात आमची 110 कलमं आहेत. वडील होते तोवर विळ्या-कोयतीने बेणणी व्हायची, दहा-बारा माणसं लागायची. 2013 मध्ये वडील गेले, माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा मशीन आणलं आणि पहिल्या दिवशी पट्टा मीच खांद्यावर घेतला. तासभर चालवलं की बोटांना मुंग्या येतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. हे मला कुठल्या गड्याने येऊन सांगितलेलं नाही.

आणि गार्ड काढलेलं मशीनही मी चालवलंय. दुसऱ्या पावसाळ्यात मशीन दुरुस्तीला नेलं, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने जवळपास तुमचंच वाक्य ऐकवलं: कोकणात गार्ड ठेवून काय होतंय. दोन बोल्ट काढले, काम झालं. श्रावणातली सकाळ होती. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेने कंबरेएवढं गवत, आणि त्याच्या आत गडग्यातून निखळलेले जांभ्याचे तुकडे, वरून न दिसणारे. धाकटा दीर मागून चहा घेऊन आला. इंजिनाच्या आवाजात मला काही कळलं नाही. दोरी जांभ्याला लागली, ‘टक्’ एवढाच आवाज झाला. मागे वळले तर कप खाली पडलेला आणि तो डोळा धरून चिखलात बसलेला. डॉक्टरांनी काढलेली कपची हरभऱ्याच्या डाळीएवढीसुद्धा नव्हती. गार्ड असता तर ती गार्डालाच आपटली असती, कारण गार्ड नेमका चालवणाऱ्याच्या बाजूला असतो आणि दीर त्याच बाजूने येत होता.

त्या डोळ्याने त्याला आज धूसर दिसतं. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणून त्याने मोटारसायकल सोडली. त्याने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. म्हणून तुमचं वाक्य मला इतकं लागलं. पट्टा लावलाय, दादा. तो लावून काय केलं तेही सांगितलं.

राहिला ओल्या गवताचा प्रश्न. अडकतं, मान्य. पण कंबरेएवढं गवत एकाच झोक्यात मुळाशी धरलं की लांब काड्या गुंडाळणारच, आणि गार्ड नसेल तर त्या गिअरबॉक्सपाशी पेंढीसारख्या बसतील. आधी वरचं अर्धं उडवायचं, मग खालचं. दव सुकायला दहा वाजू द्यायचे. रेस पूर्ण देऊनच गवतात शिरायचं आणि दोरीच्या टोकाने कापायचं, मशीनचं डोकं आत खुपसायचं नाही. सरळ दांड्याच्या मशीनला उजवीकडून डावीकडे झोका द्यायचा, कापलेलं डावीकडे पडतं. तरीही गार्डखाली लगदा जमलाच तर इंजिन बंद करून काठीने काढायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे ते.

गार्डच्या कडेला एक छोटी पाती असते, ती कधी पाहिलीत? वाढलेली दोरी ठरलेल्या लांबीवर तोडायला ती असते. गार्ड गेला की पातीही गेली. दोरी लांब राहते, कापणीचा पट्टा मोठा मिळतो असं वाटतं, पण इंजिनावर ओढ येते, फेरे कमी होतात, क्लच तापतो. मिनिटाला 7000 फेरे आणि मध्यापासून 20 सेंटिमीटरवर दोरीचं टोक, एवढा हिशोब मांडून बघा. टोकाचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या वर जातो. त्याच पावसाळ्यात माझी चार लहान कलमं गेली. दोरी अंदाजापेक्षा लांब होती, बुंध्याची साल गोल सोलली गेली. वरून मुळांकडे जाणारं अन्न सालीतून जातं, ते थांबलं आणि उन्हाळ्यात कलमं वाळली. तेव्हापासून बुंध्याभोवती दीड फुटाचं आळं मी विळ्यानेच साफ करते.

‘चालत नाही म्हणून काढलं’ हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. दोरी झिजते म्हणून कोणी तार लावतो, कोणी साखळी. साखळीची डोकी युरोपीय संघाने 2012 मध्ये बंद केली, तुटलेली कडी लागून माणूस दगावल्यावर. आपल्याकडे अशाच जुगाडांचे व्हिडिओ हौसेने फिरतात.

15 मीटर हा आकडा मी मनाने काढलेला नाही, मशीनच्या पुस्तिकेत असतो. मजुरीवरचा माणूस तो पाळत नाही हा तुमचा शेवटचा मुद्दा मजुरीचा आणि उक्त्या कामाचा आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. माझा लेख मशीनवर होता. गॉगलवर तर तुम्ही एक शब्द टाकून पुढे गेलात, मी त्यावर आणखी काय लिहू?

काढलेला गार्ड घरात कुठे असेल तर शोधून चढवा. फेकला असेल तर मॉडेल नंबर सांगून दुकानातून नवा मागवता येतो. घेताना कडेची पाती आणि दोन्ही बोल्ट आहेत ना, ते तिथेच बघून घ्या.