पाय न उचलण्याची शिक्षा

मॉरिशसमध्ये राहायला येणाऱ्या माणसाचा पासपोर्ट विमानतळावर तपासला जातो. त्याच्या गुडघ्यांची तपासणी मात्र शेजारी लग्न, वाढदिवस किंवा नुसता शनिवार येईपर्यंत लांबते. या बेटावर कोणताही आनंद सेगा नाचल्याशिवाय पुरा होत नाही, आणि कोपऱ्यातली खुर्ची गाठून बसलेल्या पाहुण्याला ओढून उठवल्याशिवाय सेगा पुरा होत नाही.

बघणाऱ्याला हा नाच फार सोपा वाटतो. नाचणारे समोरासमोर येतात, एकमेकांना स्पर्श न करता पुढे-मागे सरकतात, बायका घेरदार झग्याची टोके धरून कंबर हलवतात. नियम एवढाच, की पाऊल जमिनीवरून सुटता कामा नये. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी हा नाच घडवला. पायांतल्या बेड्यांमुळे पावले सरपटत राहिली असे काही जण सांगतात, तर काही जण त्याचे श्रेय समुद्रकाठच्या वाळूला देतात. कारण कोणतेही असो, २०१४ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलेल्या या नाचाचा सगळा भार माझ्या दोन मांड्यांवर येतो.

त्यातून मी रत्नागिरीकडचा, जाखडी बघत वाढलेला. एका पायात घुंगरू बांधून मृदंगाभोवती फेर धरायचा आणि अंगण खचेल असे पाय आपटायचे, यालाच आमच्याकडे नाच म्हणतात. त्यामुळे ताल कानावर पडला, की माझा उजवा पाय मला न विचारता वर जातो आणि शेजारच्या तांतिन ‘पाय खाली!’ म्हणून ओरडतात. तांतिन म्हणजे मावशी. या मावशींनी सत्तरी कधीच ओलांडली आहे. गाणे रंगात आले, की ‘खाली, आणखी खाली’ असा गलका होतो, त्या गुडघे वाकवून, पाठ मागे झुकवून जवळजवळ जमिनीला टेकतात आणि तशाच डुलत वर येतात. मीही खाली जातो. वर आणायला दोन माणसे लागतात.

या छळात एकच आसरा आहे, तो म्हणजे रावानचे कातडे. रावान ही लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून केलेली मोठी डफासारखी चर्मवाद्ये. गारव्याने ते सैल पडले, की वादक उठून ते जाळावर शेकतात आणि तेवढा वेळ आम्हांला धोलपुरी खायला मिळते. डाळ भरलेली ही पातळ पोळी जोडीनेच विकली जाते, आणि पावट्याची आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू न देता ती उभ्याने खाणे हा एक निराळाच नाच आहे. सध्या कृत्रिम कातड्याचे रावान निघाले आहेत. ते कधी शेकावे लागत नाहीत. ज्याला ही सोय सुचली, त्याला माझ्या गुडघ्यांचा तळतळाट लागल्याशिवाय राहणार नाही.

सूड उगवण्याची संधी गणेश चतुर्थीला चालून आली. इथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, आणि उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या कोकणी मजुरांच्या वंशजांनी जाखडी अजून जपली आहे. मी तांतिनना मोठ्या आग्रहाने नेले, त्यांच्या पायात घुंगरू बांधले आणि फेरात उभे केले. त्या फेरभर सरपटल्या. घुंगरू एकदाही वाजले नाही. मृदंगवाल्या बुवांनी कपाळाला आठ्या घालताच त्यांनी शांतपणे ते सोडून हातात घेतले आणि बियांनी भरलेली मारावानची पेटी हलवावी तसे अचूक तालात खुळखुळवायला सुरुवात केली. बुवा एकदम खूश! त्यांनी तांतिनना आपल्या शेजारी बसवून घेतले आणि फेरातली रिकामी जागा भरायला मला बोलावले. मी उत्साहाने पुढे झालो खरा, पण आदल्या शनिवारच्या सेग्याने मांड्या अशा काही धरल्या होत्या, की काही केल्या पाय उचलेना.