थेंब धुतला म्हणजे फिल्म सुधारली?

गेला आठवडाभर मुंबईतल्या फिजिक्स-मटेरिअल्सवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. पवई ते कुलाबा, चार ओळखीच्यांनी मला तो पाठवला. विषय एमबीईचा, म्हणजे निर्वातात तापवलेल्या चकतीवर (वेफरवर) अणूंचे झोत सोडून स्फटिकाचा पातळ थर (फिल्म) वाढवण्याच्या पद्धतीचा; त्यातली एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी केलेली स्फटिकाची तपासणी, जिच्या आलेखात शिखरं दिसतात. मजकूर थोडक्यात असा: ‘एमबीईत वेफरवर धातूचे थेंब दिसले तर घाबरू नका. थेंब म्हणजे वर उरलेला जादा धातू, अर्थात फिल्ममध्ये तो पोटभर गेलाय. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवा, खालची फिल्म जशीच्या तशी मिळेल. एक्सआरडीत एकच शिखर आलं की काम फत्ते.’

लिहिणाऱ्याचा हात गॅलियम नायट्राइडवर बसलेला असावा, कारण तिथे यातलं बरंचसं चालतं. गॅलियम थोडं जास्त ठेवलं की वाढत्या पृष्ठभागावर त्याचा दोन अणुथरांचा पापुद्रा बसतो, अणू त्यावर सहज सरकतात आणि फिल्म गुळगुळीत येते. नायट्रोजन जास्त झाला तर खडबडीत. पापुद्र्यात न मावलेल्या गॅलियमचे थेंब होतात. ते ॲसिडने जातात. आणि फिल्ममध्ये गॅलियम-नायट्रोजनचं प्रमाण एकास एक ठरलेलंच असतं, थेंब असोत वा नसोत. घोळ होतो तो हाच सल्ला अलॉयला, म्हणजे ज्यात घटकांचं प्रमाण कमीजास्त होऊ शकतं अशा मिश्र स्फटिकाला, लावला की.

‘पोटभर गेलाय’ हे तर साफ उलटं. इंडियम गॅलियम नायट्राइड घ्या. नायट्रोजन अपुरा पडला की गॅलियम आधी जागा धरतं आणि इंडियम वर तरंगत राहतं. थेंब त्याचेच होतात. म्हणजे चर्चगेट लोकलमध्ये शिरता न आलेले लोक फलाटावर दिसतायत आणि आपण म्हणतोय, गाडीत काय गर्दी आहे! (गाडीत गर्दी असेलही, पण ते फलाट बघून कळत नाही.)

खरी गंमत बिस्मथची. गॅलियम आर्सेनाइडमध्ये थोडंसं बिस्मथ घातलं की बँडगॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा) झपाट्याने उतरतो, म्हणून त्याच्यामागे एवढी धावपळ. पण हा अणू मोठा, आत जायला नाखूष. साधं गॅलियम आर्सेनाइड 580 अंशांच्या आसपास वाढवतात. बिस्मथ हवं तर 400 च्या खाली उतरावं लागतं आणि आर्सेनिक गॅलियमच्या जेमतेम बरोबरीने सोडावं लागतं. आर्सेनिक जरा वाढलं की बिस्मथ बाहेर राहतं, जरा घटलं की गॅलियमचे थेंब. या अरुंद पट्टीत लोकांना वाटतं, बिस्मथचा फ्लक्स (झोत) वाढवला की झालं. टपरीवरच्या कटिंगमध्ये साखर विरघळेनाशी झाली की पुढचा चमचा तळाशी जाऊन बसतो, चहा अधिक गोड होत नाही. एकदा थेंब बनले की जादा बिस्मथ थेंबातच जातं. त्यात गॅलियमचे थेंब असतील तर ते आजूबाजूचं बिस्मथ पिऊन टाकतात आणि फिल्ममधलं प्रमाण घटतं.

असं सॅम्पल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघाच. परत फेकल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात एकच थेंब दोन रंगांचा दिसतो: एक बाजू लख्ख, दुसरी काळपट. लख्ख ते बिस्मथ (अणुक्रमांक 83), काळपट ते गॅलियम (31). गरम असताना एकजीव असलेले दोघे गार होताना फारकत घेतात. गॅलियम 29.8 अंशांना वितळतं. मे महिन्यात एसी बंद पडला तर मुंबईत ते बाटलीतच पातळ होईल.

आता ॲसिड. हायड्रोक्लोरिक गॅलियम नेईल, पण ऑक्सिडीकारक सोबत नसेल तर बिस्मथला फारसं हात लावत नाही. मी स्वतः एकदा दहा मिनिटं बुडवून ठेवलं होतं. चमकणारे ठिपके तसेच. आणि थेंब गेला तरी त्याने केलेलं जात नाही. आर्सेनिक कमी असेल तर धातूचा थेंब खालचा स्फटिक विरघळवून खड्डा पाडतो. थेंबाखाली वाढलेला भाग द्रवातून वाढलेला असतो, शेजारचा थेट वाफेतून; दोघांचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. थेंब सरकला तर मागे वेगळ्या प्रमाणाचा माग राहतो.

एक्सआरडीचं शिखर? किरणाचा ठिपका मिलिमीटरांचा, थेंब मायक्रॉनचा किंवा त्याहून लहान. सरासरी घेतल्यावर बहुतेक गोष्टी सभ्य दिसतात.

राहता राहिला ‘उरलेला धातू’ हा शब्द. 1964 मध्ये वॅग्नर आणि एलिस यांनी सोन्याच्या थेंबाखाली सिलिकॉनच्या तारा वाढवल्या त्या थेंबाला कामाला लावूनच. ड्रॉपलेट एपिटॅक्सीत आधी मुद्दाम गॅलियमचे थेंब टाकतात, मग आर्सेनिक सोडून त्यांचेच क्वांटम डॉट (नॅनोमीटरांत मोजायचे स्फटिकाचे ठिपके) करतात. थेंबाने पाडलेले खड्डेसुद्धा लोक डॉटसाठी वापरतात. तिथे थेंब हा ग्रोथचा अर्धा कारागीर असतो.

तेव्हा ॲसिडची बाटली उघडण्याआधी वेफरचा एक तुकडा तोडून न धुता बाजूला ठेवा आणि थेंबांचे फोटो काढून घ्या. पेपर तपासणारा रिव्ह्यूअर तेच मागतो.