उलटं करून बघू नका

बुटीक या फ्रेंच शब्दाचं मूळ खणत गेलं, तर ग्रीकमधल्या ‘कोठार’ अशा अर्थाच्या शब्दाशी जाऊन पोचतं. ही माहिती डोक्यात ठेवून आत शिरू नका. आत अकरा कपडे असतात. एका लांबलचक दांडीवर, एकमेकांपासून वीतभर अंतर राखून, अबोला धरलेल्या जावांसारखे लटकलेले. ‘एवढेच?’ हा शब्द तोंडातून निसटला की तुमची किंमत तिथेच ठरली. ढीग बाजारात असतात. इथे कपड्यांपेक्षा मोकळी जागा जास्त असते, आणि तिचं भाडंही तुम्हालाच भरायचं असतं.

दारातली मुलगी आधी तुमच्या चपलांकडे बघेल, मग चेहऱ्याकडे. त्यावर इलाज नाही. पुढे चला.

पहिली परीक्षा किमतीच्या चिठ्ठीची. ती समोर कधीच नसते. काखेत असते, बाहीच्या आत असते, नाहीतर मानेमागे उलटी पडलेली असते. 1852 साली पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांनी ‘बॉन मार्शे’ दुकानात भागीदारी घेतली आणि ठरीव किमती मालावरच लावण्याची पद्धत तिथे रुजवली. गिऱ्हाइकाने कुणाची मिनतवारी न करता भाव वाचावा, एवढाच हेतू. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं प्रगती करत आपण ती चिठ्ठी काखेत सरकवण्यापर्यंत येऊन पोचलो आहोत. तेव्हा उजव्या हाताने कापडाचा पोत चाचपडत राहा आणि डाव्या हाताच्या करंगळीने चिठ्ठी हळूच पलटा. आकडा दिसल्यावर भुवया जागेवर राहिल्या पाहिजेत. हे घरी आरशासमोर जमेपर्यंत करून बघा. श्वास अडकलाच तर तो सोडताना म्हणा, ‘फॉल छान आहे.’ साडीचा नव्हे, कापड अंगावर पडतं तो फॉल. कशाचाही फॉल छान असू शकतो.

रंगाला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारू नका. ‘ती हिरवी दाखवा’ म्हणालात तर मुलगी गोंधळून ‘सेज की मॉस?’ विचारते, आणि दोन्ही बघितल्यावर तुम्हीही गोंधळता. मळकट पांढऱ्याला ‘एक्रू’ म्हणायचं. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कच्चं, न विरंजलेलं. म्हणजे आपला मांजरपाट. पण मांजरपाट हा शब्द त्या दुकानात उच्चारायचा नाही, तिथल्या काचा पातळ असतात. लिनन चुरगळतं अशी तक्रारही करू नका. ते अळशीच्या झाडाच्या खोडातल्या तंतूंपासून होतं. या तंतूंना लवचीकपणा फार कमी, त्यामुळे पडलेली घडी तशीच राहते. तुमच्या अंगावर दिसते ती चुरगळ, पुतळ्याच्या अंगावर दिसतं ते ‘कॅरॅक्टर’.

आता ज्या प्रश्नांनी आजवर अनेकांचा घात केला, ते प्रश्न. रंग जातो का? आटेल का? अस्तर कशाचं आहे? शिवणीत किती कापड सोडलंय? शेवटचा सगळ्यांत वाईट. आमच्या आईने तो एकदा विचारला होता. मुलीने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू आईने दुकानाच्या मालकाचा पगार विचारलाय. जाड होण्याची शक्यता गृहीत धरणारं गिऱ्हाईक त्यांना परवडत नाही. आणि धुण्याबद्दल तर अवाक्षर नको. आतल्या पट्टीवर चित्रं असतात. टबावर फुली म्हणजे पाण्यात घालू नका, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्री नको, आणि वर्तुळावरही फुली असली तर ड्रायक्लीनसुद्धा नको. चारही फुल्या एकाच पट्टीवर मिळाल्या तर तो कपडा घालून घाम येऊ देऊ नका, बाकी काही नाही.

ट्रायल रूमला पडदा असतो. तो डावीकडे ओढला की उजवीकडे चार बोटं उघडा राहतो, उजवीकडे ओढला की डावीकडे. आतला दिवा मधाळ आणि आरसा किंचित मागे कललेला. तुम्ही इथे जेवढे उंच दिसता, तेवढे पुन्हा कुठेही दिसणार नाही, म्हणून जरा वेळ घ्या. साइझचं मात्र मनावर घेऊ नका, विशेषतः ‘स्मॉल’ बसला तर. अमेरिकेत 1939-40 मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापं घेतली गेली, त्यांच्या आधारे 1958 मध्ये प्रमाणित साइझ जाहीर झाले आणि 1983 मध्ये ते प्रमाण मागे घेण्यात आलं. तेव्हापासून तिथे साइझ हा ज्याच्या त्याच्या दुकानाचा खासगी मामला आहे. कंबर तीच ठेवून लेबलावरचा आकडा लहान केला की गिऱ्हाईक खूश होतं, हे दुकानांना कळलंय. तुम्हालाही कळलंय. तरी खूश व्हा, हल्ली एवढ्या झटपट कोण बारीक करतं?

राहता राहिली शिवण. कपडा उलटा करून टिपा बघणं ही जुनी खोड आहे, ती मोडा. नावाची पट्टी तेवढी बघा. ही पद्धत चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने रूढ केली. 1858 साली त्याने पॅरिसमध्ये आपलं दुकान मांडलं. तोवर गिऱ्हाईक सांगायचं आणि शिवणारा शिवायचा. हा सांगायला लागला आणि गिऱ्हाईक ऐकायला लागलं. चित्रकाराने सही करावी तसं कपड्याच्या आत नाव शिवू लागला. मी आजवर घेतलेल्या सगळ्या डिझायनर कपड्यांत सर्वांत मजबूत शिवलेली गोष्ट म्हणजे ही पट्टी. चारही बाजूंनी बारीक, घट्ट टाके. खांदा उसवतो, काज फाटतं, नाव हलत नाही.

माझं जॅकेट असंच. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी बोटांच्या टोकांपर्यंत, आणि दोन खिसे, ज्यांना फक्त झाकणं होती. मी दोन्ही बाह्या जोडून, ताणून बघितल्या. ‘डिफेक्ट आहे का?’ विचारलं. मुलगी हसली. ते हसू अजून आठवतं. ‘असिमेट्रिक आहे, मॅम.’ त्या हसण्याची भरपाई म्हणून मी ते जॅकेट घेतलं. बिल देताना चारपदरी टिश्यू, त्यावर गोल स्टिकर, त्यावर रिबन असा सोहळा झाला. पिशवी इतकी भारी, की ती मी अजून वापरते.

दुसऱ्याच वेळी बटण तुटून कुठेतरी पडलं. तसलंच दुसरं बटण लावून घ्यायला शिंप्याकडे टाकलं. चार दिवसांनी गेले तर बटण मिळालं नव्हतं, पण दोन्ही बाह्या एका मापाच्या झाल्या होत्या. ‘कुणीतरी घाईत कापलं होतं,’ तो म्हणाला, ‘सरळ करून दिलं.’ त्याचे पैसेही घेईना. खिशांची झाकणं उसवून आत खरे खिसे लावू का, असंही त्याने हळुवारपणे विचारलं. मी हो म्हणाले.

मग बटणासाठी पुन्हा त्या दुकानात गेले. मुलगी तीच. तिने जॅकेट दोन बोटांत धरलं, दोन्ही बाह्या जोडून बघितल्या, खिशात हात घातला, तो खोल गेला तशी दचकली आणि जॅकेट माझ्याकडे परत सरकवलं.

‘हे आमचं नाही, मॅम.’